साधनांची पारख : ओरत्तनाडूच्या छत्राच्या निमित्ताने

तंजावरहून दक्षिणेस पट्टुकोट्टैकडे जाणाऱ्या मार्गावर ओरत्तनाडु नावाचे एक तालुक्याचे गाव लागते. रामेश्वरच्या यात्रेस पायी निघालेले यात्रेकरू पूर्वी या बाजूने जात असत आणि त्यांच्या सोयीसाठी तंजावरच्या भोसले राजांनी या वाटेवर ठिकठिकाणी छत्रे उभारली होती. ओरत्तनाडूचे छत्र त्यांपैकीच एक होय. दुसरे सरफोजी राजे (राज्यकाल १७९८ ते १८३२) यांनी ते मुक्तांबा नावाच्या स्त्रीच्या नावाने बांधले, म्हणून ते मुक्तांबाळ छत्र या नावाने ओळखले जाते. येथपर्यंतच्या मजकुराविषयी सहसा कोणाचा मतभेद असत नाही.

आता असे समजा की, तंजावरच्या किंवा पुण्याच्या एखाद्या महाविद्यालयातील विद्यार्थ्याला या छत्रावर शोधनिबंध लिहावयाचा आहे. पन्नास वर्षांपूर्वी त्याला प्रथम ग्रंथपालाची भेट घ्यावी लागली असती. आज तो संगणकावरील शोधयंत्रात दोन शब्द घालतो, आणि पेल्यातला चहा निवण्यापूर्वीच त्याच्यापुढे पंधरावीस पाने उभी राहतात. पर्यटकांसाठी लिहिलेली माहिती, वृत्तपत्रांतील लेख, विश्वकोशातील नोंद, कोणा हौशी प्रवाशाने घेतलेली छायाचित्रे, एखाद्या संशोधन-पत्रिकेतील निबंध, असे सर्व काही त्यांत असते. जुन्या विद्यार्थ्याला साधने मिळत नसत. नव्याला ती इतकी मिळतात की त्यांतील कोणते साधन किती भार पेलू शकेल, हे ठरविण्यातच त्याची खरी परीक्षा होते.

ही पाने शेजारी शेजारी ठेवून वाचली, की विसंगती नजरेस येऊ लागतात. छत्राच्या बांधणीचे वर्ष बहुधा १८०२ असे दिलेले असते. काही ठिकाणी मात्र ते वर्ष-दोन वर्षांनी मागे गेलेले दिसते, आणि कोणत्या कागदाच्या आधाराने हे वर्ष ठरविले, ते क्वचितच सांगितलेले असते. मुक्तांबा ही कोठे राजाची राणी असते, कोठे प्रेयसी, तर कोठे उपपत्नी. छत्रात नेमके काय चालत असे, याचीही वर्णने निरनिराळी आहेत. विद्यार्थ्याला वाटते की, जी गोष्ट अधिक पानांवर आढळेल ती खरी मानावी. हा मार्ग सोपा आहे आणि तो बहुतेक वेळा चुकीच्या गावी नेऊन सोडतो.

दहा पानांवर एकच विधान आढळले म्हणजे दहा साक्षीदार मिळाले, असे होत नाही. एकाने लिहिले, दुसऱ्याने ते उतरविले, तिसऱ्याने दुसऱ्याचे शब्द थोडे फिरवून आपले म्हणून छापले, चौथ्याने तिसऱ्याचे भाषांतर केले. असे झाले असेल तर साक्षीदार एकच, आणि त्याचे नावही आपल्याला ठाऊक नाही. महाराष्ट्रातील वाचकाला ही गोष्ट नवी वाटू नये. पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन संस्थेत महाभारताची चिकित्सक आवृत्ती सिद्ध करण्याचे कार्य १९१९ मध्ये सुरू झाले आणि १९६६ मध्ये पूर्ण झाले. त्या कामात हस्तलिखितांची डोकी मोजली गेली नाहीत. ज्या पोथ्यांत एकाच ठिकाणी एकच चूक आढळते, त्या एकाच मूळ पोथीवरून उतरलेल्या असल्या पाहिजेत, या न्यायाने पोथ्यांची कुळे लावली गेली आणि एका कुळाचे मत एक धरले गेले. हीच कसोटी संगणकाच्या पडद्यावर लावता येते. दोन पानांवर तीच चूक, तोच विचित्र शब्द, नावाचे तेच चमत्कारिक लेखन किंवा अर्धवट तोडलेले तेच वाक्य दिसले, की ती दोन पाने एकाच कुळातील आहेत, असे समजण्यास हरकत नाही.

तंजावरविषयीच्या एका लोकप्रिय कथेवर ही कसोटी लावून पाहण्यासारखी आहे. सांबार हा पदार्थ तंजावरच्या मराठी राजवाड्यात जन्मला, आणि पाहुणे म्हणून आलेल्या छत्रपती संभाजी महाराजांच्या नावावरून त्याला ते नाव मिळाले, अशी ही कथा आहे. आमसुले संपली होती, म्हणून मुदपाकखान्यात चिंच वापरली गेली, असा तपशीलही ती मोठ्या खात्रीने सांगते. ही कथा आंतरजालावर इतक्या ठिकाणी छापली गेली आहे की, तिच्यावर शंका घेणारा माणूस अरसिक ठरावा. तथापि तिचा माग काढीत मागे गेले, की प्रत्येक पान दुसऱ्या पानाकडे बोट दाखविते आणि वाट कोणत्याही समकालीन कागदापर्यंत पोहोचत नाही. तंजावरचे शहाजी राजे १६८४ ते १७१२ या काळात गादीवर होते आणि संभाजी महाराजांचा वध १६८९ मध्ये झाला. म्हणजे कथा शहाजीराजांच्या दरबारात घडली असेल, तर ती या पाच वर्षांतच घडली पाहिजे. त्या पाच वर्षांतील अशा भेटीचा कोणताही पुरावा कथा सांगणारे पुढे करीत नाहीत. शिवाय शब्दाचा प्रश्न राहतोच. संस्कृतातील 'संभार' म्हणजे जमविलेली सामग्री. विदर्भात आजही कोथिंबिरीला सांबार म्हणतात. नावाचा उगम शोधण्यासाठी राजपुत्राची गरज पडावी, अशी ही परिस्थिती नाही. कथा खोटी आहे असे सिद्ध झाले, असे मात्र म्हणता येणार नाही. ती आधाराशिवाय उभी आहे, एवढेच म्हणता येईल. शोधनिबंधात या दोन विधानांतील अंतर सांभाळावे लागते.

आता पुन्हा छत्राकडे वळू. या विषयावरील पाने धीराने चाळणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती एक खरोखरीच मोलाची वस्तू लागण्याचा संभव आहे. २८ जानेवारी १८०१ रोजी सरफोजी राजांनी तंजावरचे इंग्रज रेसिडेंट बेंजामिन टोरिन यांना लिहिलेले पत्र ते हेच. या पत्रात राजांनी रामेश्वरच्या वाटेवरील छत्रांमध्ये चालणाऱ्या धर्मकार्याचे वर्णन केले आहे. कोणत्याही जातीचा वाटसरू आला तरी त्याला अन्न मिळते. शिजविलेले अन्न जे घेत नाहीत त्यांना शिधा दिला जातो. मध्यरात्री घंटा वाजवून, कोणी उपाशी राहिले आहे काय, अशी विचारणा होते. वेद शिकविणारे अध्यापक आणि रोग्यांवर उपचार करणारे वैद्य तेथे असतात. अनाथ मुलांचे पालन होते. वाटेत मरण पावलेल्या यात्रेकरूचे अंत्यसंस्कारही केले जातात. वाचणाऱ्याचे मन हेलावून जाईल, असे हे पत्र आहे. ते पत्र आहे, त्याला दिनांक आहे, लिहिणारा आणि ज्याला लिहिले तो, दोघेही ज्ञात आहेत. साध्या प्रवासवर्णनाच्या मानाने हे साधन कितीतरी वरच्या प्रतीचे, यात शंका नाही.

परंतु वरच्या प्रतीच्या साधनालाही प्रश्न विचारावेच लागतात, आणि येथे पहिला प्रश्न अगदी अंकगणिताचा आहे. पत्र १८०१ च्या जानेवारीतील आहे. ओरत्तनाडूचे छत्र जर १८०२ मध्ये बांधले गेले असेल, तर या पत्रातील वर्णन त्या छत्राचे असू शकत नाही. ते त्यापूर्वीच्या छत्रांचे असले पाहिजे. पत्रातील मध्यरात्रीची घंटा उचलून ती मुक्तांबाळ छत्राच्या दारात बांधण्याचा मोह कोणालाही होईल. दोन्ही गोष्टी एकाच राजाच्या, एकाच रस्त्यावरच्या, जवळजवळ एकाच काळातल्या. पण 'जवळजवळ' या शब्दाने इतिहासात बराच घोटाळा केलेला आहे. नवे छत्रही जुन्यांच्याच पद्धतीने चालविले गेले असावे, हे अनुमान करण्याचा अधिकार विद्यार्थ्याला आहे. ते अनुमान आहे, असे त्याने लिहिले म्हणजे झाले. आणि छत्राचे वर्ष १८०० होते असे जर कोणी म्हणत असेल, तर सारा हिशेबच बदलतो. एका वर्षाचा फरक किरकोळ म्हणून सोडून देता येत नाही, तो असा.

दुसरा प्रश्न हेतूचा. १७९९ च्या तहाने तंजावरचा राज्यकारभार ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेला होता. राजांकडे किल्ला, राजवाडा आणि मान एवढेच उरले होते. छत्रे आणि त्यांच्या खर्चासाठी लावून दिलेली उत्पन्ने यांची व्यवस्था आपल्याकडे राहावी, ही राजांची इच्छा या पत्रामागे आहे. म्हणजे हे पत्र एक विनंतीपत्र आहे. विनंती करणारा माणूस आपल्या संस्थेचे उणे सांगत नाही. याचा अर्थ राजांनी असत्य लिहिले, असा कोणी घेऊ नये. छत्रांत काय चालावे अशी राजांची कल्पना होती आणि रेसिडेंटपुढे ते काय मांडू इच्छीत होते, याचा हे पत्र उत्तम पुरावा आहे. प्रत्यक्षात दररोज किती पाने वाढली गेली, वैद्याला वेतन वेळेवर मिळाले काय, घंटा खरोखर किती रात्री वाजली, या गोष्टी त्यातून कळणार नाहीत.

त्या कळण्यासाठी दुसऱ्या जातीचे कागद लागतात, आणि मराठी वाचकाच्या दृष्टीने विशेष गोष्ट अशी की, ते कागद मराठीत आहेत. तंजावरच्या मराठा दरबाराचे हिशेब, हुकूम आणि नोंदी मोडी लिपीत लिहिल्या गेल्या. तंजावरच्या तमिळ विद्यापीठाने निवडक मोडी कागदांचे तमिळ भाषांतर टिपांसह तीन खंडांत १९८९ मध्ये प्रसिद्ध केले. त्यापूर्वी १९८४ मध्ये के. एम. वेंकटरामय्या यांचा, तंजावरच्या मराठा राजांच्या काळातील राज्यकारभार आणि समाजजीवन यांवरील तमिळ ग्रंथ त्याच विद्यापीठाने काढला होता. हिशेबाचा कागद कोणावर छाप पाडण्यासाठी लिहिलेला नसतो. तांदूळ किती मापे आला, कोणास किती दिले, एवढेच तो सांगतो. (कारकून पैसे खातात, ही गोष्ट वेगळी, पण चोरीचा हिशेबसुद्धा त्या काळचे भाव खरे सांगतो.) मात्र या कागदांचा फार थोडा भाग आंतरजालावर वाचता येईल अशा स्वरूपात आलेला आहे. त्यामुळे जो विद्यार्थी केवळ पडद्यावर दिसेल तेवढेच वाचील, त्याच्यापुरते हे मराठी कागद नसल्यासारखेच राहतील, आणि तंजावरचा मराठी इतिहास तो इंग्रजी सारांशावरून, म्हणजे दुसऱ्याच्या डोळ्यांनी लिहील.

जुनेपणाला आणि भव्यपणाला दबून न जाणे, हाही पारखीचा एक भाग आहे. तंजावरच्या बृहदीश्वर मंदिराच्या प्राकारात १८०३ मध्ये सरफोजी राजांनी भोसले वंशाचा इतिहास कोरविला. देवनागरी लिपीतील हा मराठी शिलालेख विस्ताराने इतका प्रचंड आहे की, त्याला दगडी ग्रंथच म्हणावे. दगडात कोरलेले म्हणजे पक्के, अशी आपली समजूत असते. परंतु हा लेख शिवछत्रपतींच्या मृत्यूनंतर सव्वाशे वर्षांनी लिहिला गेला. शिवकालातील घटनांसाठी तो दुय्यम साधन ठरतो. याउलट १८०३ मध्ये तंजावरच्या दरबाराला आपला पूर्वेतिहास कसा दिसत होता, सत्ता गमावून चारच वर्षे झालेली असताना आपल्या कुळाची कोणती ओळख दगडावर राहावी असे राजांना वाटले, या प्रश्नांसाठी तो अव्वल दर्जाचे साधन आहे. साधन एकच, प्रश्न बदलला की त्याची प्रत बदलते. 'हे संकेतस्थळ विश्वसनीय आहे काय?' असा प्रश्न विद्यार्थी शिक्षकांना विचारतात, तेव्हा त्याचे उत्तर देणे अवघड जाते ते यामुळेच. कोणत्या गोष्टीसाठी विश्वसनीय, हे आधी ठरले पाहिजे. ओरत्तनाडूच्या छत्राची आजची पडझड दाखविणारे एखाद्या प्रवाशाचे दिनांकित छायाचित्र, भिंतीच्या स्थितीपुरते, कोणत्याही विद्वानाच्या ग्रंथाहून अधिक विश्वासार्ह असू शकेल. त्याच प्रवाशाने छायाचित्राखाली लिहिलेल्या इतिहासाला तो मान देता येणार नाही.

स्वतंत्र साक्षीदार कसे असतात याचेही एक उदाहरण तंजावरशी निगडित आहे, आणि ते महाराष्ट्रात सर्वांच्या परिचयाचे आहे. शिवाजी महाराजांचा जन्म १६२७ मध्ये झाला असे बखरींच्या आधाराने दीर्घ काळ मानले जात होते. बखरी पुष्कळ, पण बहुतेक उत्तरकालीन, आणि एकमेकींवरून उतरलेल्या. १९१६ मध्ये लोकमान्य टिळकांनी जेधे शकावली प्रसिद्ध केली; तिच्यात शके १५५१ फाल्गुन वद्य तृतीया, म्हणजे १९ फेब्रुवारी १६३०, ही तिथी होती. एका शकावलीने अनेक बखरींना मागे सारावे काय, असा वाद साहजिकच झाला. पुढे शिवाजी महाराजांच्या आश्रयाला असलेल्या कवींद्र परमानंदाचे 'शिवभारत' हे संस्कृत काव्य तंजावरच्या हस्तलिखित-संग्रहातून उजेडात आले आणि १९२७ मध्ये ते छापले गेले. त्यात तीच तिथी निघाली. राजस्थानात सापडलेल्या जन्मपत्रिकेनेही तिला दुजोरा दिला. मावळातील देशमुखाच्या घरातील शकावली, कावेरीकाठच्या ग्रंथालयातील काव्य आणि राजस्थानातील जन्मपत्रिका यांनी एकमेकांवरून नक्कल केली असण्याचा संभव नाही. अशा तीन साक्षी पुष्कळ बखरींना भारी पडतात.

अर्थात प्रत्येक वाक्यासाठी तंजावरला जाऊन रुमाल सोडणे कोणालाच शक्य नाही. पडद्यावरच्या पानाची प्राथमिक परीक्षा तेथल्या तेथेही करता येते, आणि तिची रीत थोडी अनपेक्षित आहे. अमेरिकेतील स्टॅनफर्ड विद्यापीठाचे सॅम वाइनबर्ग आणि सारा मॅक्ग्रू यांनी २०१७ मध्ये एका पाहणीचे निष्कर्ष प्रसिद्ध केले. दहा इतिहासकार, वृत्तांची सत्यता तपासण्याचा व्यवसाय करणारे दहा जण आणि पंचवीस विद्यार्थी यांना त्यांनी काही संकेतस्थळे पारखावयास दिली होती. विद्यार्थी आणि काही इतिहासकारसुद्धा दिलेले पान वरपासून खालपर्यंत लक्षपूर्वक वाचीत बसले आणि त्याच्या गंभीर रूपाला फसले. व्यावसायिक तपासनीस मात्र त्या पानावर क्षणभरच थांबले. ते लगेच बाहेर पडले आणि या संस्थेविषयी इतरांनी काय लिहिले आहे, तिचा पैसा कोठून येतो, हे त्यांनी आधी पाहिले. पानाची परीक्षा पानाबाहेर होते. गावात नवा माणूस आला तर आपण त्याची सारी हकीकत त्याच्याच तोंडून ऐकून थांबत नाही. शेजारीपाजारी चौकशी करतो. हे तसेच आहे. संकेतस्थळाची मांडणी नेटकी आहे, त्यावर बोधचिन्ह आहे, भाषा शुद्ध आहे, यांवरून काहीही सिद्ध होत नाही. पत्त्याच्या शेवटी कोणती अक्षरे आहेत, एवढ्यावरूनही निर्णय देऊ नये. पर्यटनासाठी केलेले सरकारी पान स्थळ कोठे आहे ते बरोबर सांगेल, पण इतिहासाच्या बाबतीत ते पुष्कळदा दंतकथाच देते.

विकिपीडियाविषयी दोन टोकाची मते ऐकू येतात. २००१ मध्ये सुरू झालेला हा विश्वकोश कोणीही लिहू शकतो, म्हणून काही शिक्षक त्याचे नावही काढू देत नाहीत, आणि विद्यार्थी तर मनोभावे तेवढाच वाचतात. त्याचा योग्य उपयोग म्हणजे त्याच्या तळाशी जाणे. नोंदीच्या शेवटी जे ग्रंथ आणि लेख दिलेले असतात, त्यांपैकी जो जुना आणि नावानिशी लिहिलेला असेल तो उघडून पाहावा. तंजावरसंबंधी असा माग काढला, तर के. आर. सुब्रमण्यन यांचा तंजावरच्या मराठा राजांवरील १९२८ चा इंग्रजी ग्रंथ, टी. वेंकासामी राव यांनी तयार केलेली १८८३ ची जिल्ह्याची माहितीपुस्तिका, हेमिंग्वे यांचे १९०६ चे गॅझेटियर आणि राज्य खालसा झाल्यानंतर १८७३ च्या सुमारास विल्यम हिकी यांनी तंजावरच्या मराठी राज्यावर लिहिलेले पुस्तक, येथपर्यंत जाता येते. ही जुनी पुस्तके आज चित्ररूपाने आंतरजालावर फुकट वाचावयास मिळतात, ही या साधनाची मोठीच देणगी म्हटली पाहिजे. नोंदीला जोडलेला फेरफारांचा इतिहासही पाहावा. छत्राचे वर्ष कोणी, केव्हा आणि कोणत्या आधाराने बदलले, हे तेथे दिसते. छापील पुस्तकात ही सोय कधीच नव्हती.

शोधपत्रिका म्हटली की विद्यार्थी निर्धास्त होतो. त्याने तसे होऊ नये. लेखकाकडून पैसे घेऊन, कोणाही जाणकाराने न तपासता चार दिवसांत लेख छापणाऱ्या पत्रिका पुष्कळ झाल्या आहेत, आणि त्यांची नावे मोठी भारदस्त असतात. विद्यापीठ अनुदान आयोगाने यावर उपाय म्हणून मान्य पत्रिकांची 'केअर' यादी तयार केली होती. २०२५ मध्ये ती बंद करण्यात आली आणि पारखीची जबाबदारी संस्थांवर आणि संशोधकांवर येऊन पडली. तेव्हा लेखाच्या तळटिपा उघडून पाहणे हाच उपाय उरतो. सरफोजींच्या शिक्षणकार्यावर इंदिरा विश्वनाथन पीटरसन यांनी लिहिले आहे, आणि त्यांच्या विज्ञान व वैद्यक यांतील कार्यावर सावित्री प्रीता नायर यांचा २०१२ चा ग्रंथ आहे. असे लेखन एकदा वाचले, की तळटीप म्हणजे काय याचा अंदाज येतो, आणि मग ज्या निबंधाच्या तळटिपांत केवळ संकेतस्थळांचे पत्ते आहेत त्याची किंमत आपोआप कळते.

संगणकाकडून थेट उत्तर मागण्याची जी नवी सोय झाली आहे, तिच्याबद्दल थोडेच सांगतो. ही यंत्रे सफाईने लिहितात, आणि आधार मागितला तर कधी कधी अस्तित्वातच नसलेल्या ग्रंथाचे नाव, पृष्ठांकासह, पुढे करतात. २०२३ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यायालयात काही वकिलांनी यंत्राने रचलेले काल्पनिक निवाडे सादर केले आणि त्यांना पाच हजार डॉलर दंड झाला. यंत्राने दिलेला ग्रंथ ग्रंथालयाच्या सूचीत शोधून, उघडून, त्या पानावर ते वाक्य आहे असे डोळ्यांनी पाहिल्याशिवाय तो शोधनिबंधात येऊ देऊ नये.

भाषांतर करणाऱ्या माणसाला या सर्व व्यवहारात एक वेगळीच अडचण दिसते. मूळ कागद मोडीतील मराठीत. त्याचे भाषांतर तमिळमध्ये. तमिळवरून इंग्रजीत सारांश. आणि त्या इंग्रजी सारांशावरून आंतरजालावरचे मराठी पान. चार उंबरठे ओलांडताना शब्द झिजतात. तमिळमध्ये या वास्तूला 'सत्तिरम्' म्हणतात; त्याचे मूळ संस्कृत 'सत्र' हे होय, आणि आपल्या 'अन्नछत्रा'तही तेच सत्र आहे. ज्याला हे ठाऊक नाही तो इंग्रजीतून आलेला शब्द पाहून छत्री शोधीत बसेल. 'मुक्तांबाळ' हे नाव तमिळ आणि रोमन लिपींतून फिरून येताना निदान पाचसहा रूपे घेते, ओरत्तनाडूचेही तसेच, सरफोजींची तर शरभोजी आणि शरभेंद्र ही रूपेही रूढ आहेत, आणि पहिले सरफोजी (१७१२ ते १७२८) हे आणखी निराळे. एकाच लेखनाने शोध घेणाऱ्याला निम्मी साधने दिसणारच नाहीत.

आणि मुक्तांबा कोण होती? तंजावरच्या राजघराण्यात विधिपूर्वक विवाह झालेल्या राण्या होत्या, तसेच राजाच्या तलवारीशी लग्न लावून राजवाड्यात आणलेल्या स्त्रियाही होत्या. या दुसऱ्या नात्याला इंग्रजीत कोणी पत्नी म्हटले, कोणी रखेली, आणि दोन्ही शब्दांनी मूळ अर्थ बिघडला. मुक्तांबेचे राजाशी नाते कोणत्या प्रकारचे होते, हे ज्या पानावर आधाराशिवाय एका शब्दात सांगितले आहे, तेथून तो शब्द उचलून निबंधात घालणे म्हणजे दोनशे वर्षांपूर्वीच्या एका स्त्रीला, तिची बाजू न ऐकता, पदवी देणे किंवा डाग लावणे होय. आधार मिळेपर्यंत, 'जिच्या नावाने सरफोजींनी छत्र बांधले ती', एवढेच लिहावे. वाक्य लांब होईल, पण ते टिकेल.

वर्षाच्या बाबतीतही असेच करता येईल. छत्र दुसऱ्या सरफोजींच्या कारकिर्दीत, एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी उभे राहिले, आणि त्याचे वर्ष सामान्यतः १८०२ असे देतात, असे निबंधात लिहावे. तळटिपेत ते कोणी दिले, कोणत्या पानावर, आणि आपण ते पान कोणत्या दिवशी पाहिले, याची नोंद करावी. पान उद्या नाहीसे होऊ शकते. म्हणून जुन्या संकेतस्थळांच्या प्रती जतन करणाऱ्या संग्रहात त्याची प्रत ठेवून तिचा दुवाही सोबत द्यावा. पुढे जर मोडी कागद किंवा शिलालेख हाती आला, तर त्यावर इसवी सन असण्यापेक्षा शक किंवा फसली वर्ष असण्याचाच संभव अधिक. शके १७२३ चा चैत्र १८०१ मध्ये येतो आणि त्याचाच फाल्गुन १८०२ मध्ये. निरनिराळ्या पानांवरील वर्षांत जो एखाद्या वर्षाचा फरक दिसतो, त्याचे मूळ कदाचित अशा रूपांतरातच असेल. तेव्हा कागदावरचा महिना आणि तिथी आधी वाचावी, आणि मग पंचांग उघडावे.